आठल्यांकडची पुण्याची बाई

दत्तात्रेय आठल्यांनी म्हातारपणी घरात पुण्याची बाई आणून ठेवली आहे, अशी कुजबूज २००३ च्या भाद्रपदात भाट्याच्या पुलाच्या दोन्ही अंगांना सुरू झाली. बातमीची मालकीण मासेवाली भागूबाई. आठल्यांकडे मासळी शिजत नाही, पण त्यांच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर टोपली टेकवून दम खायची तिची तीस वर्षांची सवय. तिथेच तिने खिडकीतून ऐकलं.

"पंखा लाव, असं म्हनली बाई. अगदी पुन्यावानी, तोडून तोडून. आनि दत्तूभावानं गुमान लावला पंखा! वयनीचा आवाज मी वळखत नाय काय? ही येगळीच. आनि वयनी बिचारी पाय मोडून घरात बसलेली!"

आता अशी बातमी ऐकून गप्प बसायचं म्हणजे पापच. आम्ही ती फक्त विश्वासातल्या माणसांना सांगितली. रत्नागिरीत विश्वासातली माणसं पुष्कळ.

यातली वयनी म्हणजे मालिनी आठल्ये, दत्तात्रेयांची बायको. देवरूखहून लग्न होऊन आली ती दोन ट्रंका आणि एक खोड घेऊन. खोड नकलांचं. पोस्टमन, तलाठी, मंत्राच्या मध्येच खोकणारे भटजी, कोणी सुटलं नाही. माझी नक्कल झाल्याचं मला तीन निरनिराळ्या घरांतून कळलं, आणि तिन्ही घरांतली माणसं सांगतानासुद्धा डोळे पुसत होती. पण वहिनीचा एक नियम कडक. ज्याची नक्कल करायची त्याच्यासमोर कधीही नाही. "माणूस दुखावतो हो," ती म्हणे. चाळीस वर्षांत हा नियम तिने एकदाही मोडला नव्हता.

त्या वर्षी आषाढात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पाठोपाठ पुण्याहून मुलगा आला, शौनक.

"आई, तुझे दोन्ही हात वॉकरला. बाबा दिवसभर बागेत. दिवा कोण लावणार? दार कोण उघडणार? तुम्ही दोघं आता पुण्यालाच चला."

"आणि पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून मी बोलू कोणाशी रे? लिफ्टशी?"

पुष्कळ वादावादी झाली आणि शेवटी ठरलं असं. दिवाळीला शौनक येईल. त्याच्यासमोर एक अख्खी सकाळ आईने कोणाच्या मदतीशिवाय काढून दाखवली तर ती इथे राहील. नाही जमलं, तर भाऊबीज झाली की सामान बांधायचं.

दत्तात्रेय आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेले. ते उठले आणि मुंबईहून आवाजाचं यंत्र घेऊन आले. पानाच्या डब्याएवढी पेटी. तिच्यात आपल्या आवाजात हुकूम भरून ठेवायचे. मग तोच हुकूम त्याच सुरात पुन्हा ऐकू आला की 'टक्' वाजून दिवा लागतो, पंखा फिरतो, दाराची कडी सुटते. वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला एक बारकासा माइक आला.

घोटाळा झाला तो हुकूम भरताना. दत्तात्रेय म्हणाले, "अगो, नीट बोल. शुद्ध बोल."

रत्नागिरीच्या माणसाला शुद्ध बोल म्हटलं की तो पुण्याच्या दिशेने तोंड करतो. वहिनीच्या ओळखीचं शुद्ध पुणेरी माणूस एकच, सून वैदेही, थेट पेठेतली. तेव्हा वहिनीने मान ताठ केली, ओठ जरा आवळले आणि बाराच्या बारा हुकूम सुनेच्या आवाजात भरून टाकले.

दुसऱ्या दिवशी उठून ती आपल्या नेहमीच्या हेलात म्हणाली, "दिवा लाऽव रेऽ." काही नाही. "मेल्या, ऐकतोस की नाही?" काही नाही. दत्तात्रेयांनी दिवसभर पेटी उघडून तारा तपासल्या. संध्याकाळी वैतागून वहिनी सुनेसारखं म्हणाली, "दिवा लाव." टक्! घर उजळलं.

त्या दिवसापासून आठल्यांचं घर सुनेच्या सुरात चालू लागलं. सून पुण्यात, तोवर ठीक. पण दिवाळी जवळ आली तशी वहिनीची झोप उडाली.

"अहो, पुसा ते सगळं. मी माझ्या आवाजात भरते."

तीन दिवस प्रयत्न केले. पण तिच्या मूळ सुरातलं "दिवा लाव" दोनदा सारखं म्हणून निघेना. सकाळी त्यात लाड असे, दुपारी कंटाळा, तिन्हीसांजेला काळजी. यंत्र गोंधळून जाई. नक्कल मात्र दर वेळी तंतोतंत. हात टेकून दत्तात्रेयांनी पुन्हा सूनच भरली.

"वैदेहीला त्या दिवशी वेळणेश्वरला दर्शनाला पाठवू," त्यांनी तोड काढली.

वैदेही गेली नाही. "मलाही बघायचंय," ती म्हणाली आणि परीक्षेच्या सकाळी शौनकशेजारी खुर्ची ओढून बसली.

दत्तात्रेय ठरल्याप्रमाणे बागेत गेले. वहिनी वॉकर टेकत अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात पोहोचली आणि आपल्याच आवाजात हळूच म्हणाली, "दिवा लाव." अंधार. "दिवा लाव रे बाबा." अंधारच.

"आई, पुरे आता," शौनक उठला. "बॅग भरू."

"वैदेही, तू जरा अंगणात जातेस काय गो?"

"का? मी इथेच बरी आहे, आई."

वहिनीने सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग डोळे मिटले, मान ताठ केली, आणि एका दमात: "दिवा लाव. पंखा लाव. दार उघड. पंप चालू कर."

टक्, टक्, टक्, टक्. दिवा लागला, पंखा फिरला, दार उघडलं, तिकडे बागेत पाणी आलं. शौनकने तोंडावर हात दाबून धरला. वैदेही मात्र खुर्चीतून पुढे झुकली.

"मी... अशी बोलते?"

"नाही गो, तू याहून पुष्कळ गोड बोलतेस," वहिनी रडवेली झाली. "चुकलं माझं."

वैदेही उठली. वहिनीच्या गळ्यातल्या माइकजवळ वाकली आणि म्हणाली, "दिवा बंद कर."

टक्. दिवा गेला.

"पंखा बंद कर."

टक्.

"यालासुद्धा फरक कळत नाही!" म्हणून वैदेही जी हसत सुटली ती जमिनीवर बसली. "आई, आता शौनकची करून दाखवा. माझी शपथ."

नियम एकदा मोडला होताच. वहिनीने कपाळाला आठ्या घातल्या, "आई, पुरे आता. बॅग भरू." शौनकचे कान लाल झाले.

"हे बघ शौनक," वैदेही डोळे पुसत म्हणाली, "आई इथेच राहतील. पुण्याला नेलं तर आठवड्यात आपल्या सोसायटीच्या चेअरमनची नक्कल करतील, आणि आपल्याला फ्लॅट विकावा लागेल."

शौनक शब्दाचा पक्का. उरलेली सकाळ वहिनीने एकटीने निभावली, चहासुद्धा स्वतः केला. भाऊबीज झाल्यावर दोघंच पुण्याला परत गेली. मालिनीवहिनी पुढची सगळी वर्षं भाट्यालाच राहिली.

दत्तात्रेयांनी घरात कोणतीही बाई आणून ठेवली नव्हती. भागूबाईने ऐकला तो आवाज मालिनीवहिनीचाच होता, आणि पंखा यंत्राने लावला होता.