डॉट सरांचं चूलबंद आवतण

'मला माहीत नाही' असं म्हणताना डॉट सरांना कोणी ऐकलं नाही. पांढुर्ण्याच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून बसने सौंसरला येऊन मला शिकवू लागले. आता ते हयात नाहीत, तेव्हा बाळांनो, मोकळेपणाने लिहिते.

माउसला ते शिवत नसत. "बोट दाखवून कायले मागता, वहिनी? नाव घेऊन मागा!" स्वतः मात्र पूर्ण नाव कधी टाइप करत नसत, जिथे तिथे चांदणी (`*`). चांदणी म्हणजे 'जे असेल ते सगळं'. "हे आपलं चूलबंद आवतण," ते म्हणत. "घरी चूल पेटत नाही, घरातलं लहानमोठं सारं जेवाले येते." पण नावाआधी टिंब असलेली फाइल लपलेली असते, ती चांदणीला दाद देत नाही. "टिंबवाला म्हणजे रुसलेला व्याही. त्याले वेगळं बोलवा लागते." हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं, म्हणून तर डॉट सर.

तुमचे आजोबा गेल्यावर मी नवा कॉम्प्युटर घेतला. जुना बोरगावच्या शाळेला द्यायचा होता आणि न्यायला माणसं निघालीही होती. आजोबांनी तुम्हाला लिहिलेल्या साऱ्या मेल त्या जुन्यातच होत्या. तुम्ही त्या जपून ठेवल्या असतील, असा माझा गैरसमज नाही.

सरांनी पेन ड्राइव्ह लावला, चांदणी टाइप केली, सगळं नव्यात उतरवलं. "आलं सारं. आता जुना पुसून टाकतो."

"आधी मेल दाखवा."

नव्यात एकही मेल नव्हती.

"येऊन राहिल्या असतील, वहिनी. धीर धरा."

"सर, तुमचा व्याही तर नाही ना रुसला?"

नियम लोकांना शिकवायचे असतात, पाळायचे नसतात, ही मास्तरांची जुनी रीत. मग जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी टिंब आणि चांदणी जोडून `ls .*` टाइप केलं, म्हणजे 'टिंबवाले सारे दाखव'. पडदा भरून नावं आली.

"पहा, किती लपून राहिलं होतं!"

मी पाहिलं. बरीचशी तीच जुनी नावं होती. नुसतं एक टिंब म्हणजे आपलंच फोल्डर आणि दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. तीही या आवतणात बसतात. सर व्याह्याला आणायला गेले आणि स्वतःला नि वडिलांना घेऊन आले.

"तेही घरचेच नं," असं म्हणत त्यांनी `ls -d .[!.]*` लिहिलं. `-d` म्हणजे फोल्डरच्या आतलं नको, नुसतं त्याचं नाव; पुढे आधी टिंब, मग टिंब सोडून काहीही एक अक्षर, मग चांदणी. आता मोजकीच नावं उरली. त्यांत मेलचं फोल्डर होतं.

"यासाठी नुसतं `ls -a` चालतं ना?" मी विचारलं.

"ते आळशांसाठी असते, वहिनी."

फोल्डर नव्यात आलं. मी पहिली मेल उघडली. आजोबांनी तुम्हाला लिहिलं होतं, 'संत्र्याला बहर चांगला आहे. आजी माझं काही ऐकत नाही. तुम्ही येऊन तिच्याशी भांडा.'

सर माझ्या खांद्यामागून वाचत होते. मध्येच उठले.

"तुम्ही वाचा सावकाश. मी चहा ठेवतो."

स्वतःच्या घरातलंही स्वयंपाकघर ज्यांना माहीत नव्हतं, ते माझ्या डब्यांची झाकणं उघडत बसले. चहात पत्ती जेमतेम होती, साखर नव्हतीच. मी कप रिकामा केला आणि आणखी मागितला.