गावाच्या नावावर टाकलेला रुमाल

मोकळी जागा दिसली की अण्णांना ती धरावीशी वाटते. जागा अजून मोकळी झालेली नसली, तर जास्तच. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटी फलाटाला लागते न लागते तोच त्यांचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असतो, आणि मग ते दारातली रेटारेटी निवांत बघत उभे राहतात. लहानपणी मला याची लाज वाटायची. बसायला मिळालं की ती जायची.

भूकंपानंतरही त्यांनी तेच केलं. आमचं गाव एका पहाटे खाली बसलं. त्यात आई गेली. आम्ही दोघं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि लांबच्या माळावर नव्या गावाची आखणी चालली होती. वाटप व्हायला अवकाश होता, तरी अण्णांनी कोपऱ्यावरचा एक प्लॉट हेरला, भोवती दगड रचले आणि कडेला लिंबाचं रोपही लावून टाकलं. पुढे चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. तो प्लॉट आमच्या जुन्या गल्लीतल्याच एका घराला गेला. अण्णा बरेच दिवस फुगून बसले. मग एका संध्याकाळी घागर उचलून त्या रोपाला पाणी घालायला निघाले.

"आपलं कुठंय आता ते?" मी म्हटलं.

"झाडाला काय ठाव?" म्हणाले, आणि गेले. पुढे रोजच जायला लागले.

मी शिकले आणि लातुरात मुलींसाठी गणिताचा क्लास काढला. तेव्हा शहरात क्लासांचं अमाप पीक आलेलं. किराणा एखादा सापडायला वेळ लागे, क्लास दर दोन घरांआड. प्रत्येक भिंतीवरून कुठला तरी टॉपर आपल्याकडे बघत असायचा. अशा गर्दीत माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना कोण विचारतो? पण क्लासला मी आमच्या जुन्या गावाचं नाव दिलं होतं. नवं गाव लोक घरं बांधून देणाऱ्या संस्थेच्या नावानंच ओळखायला लागले होते. कंडक्टरही तेच ओरडायचा. जुनं नाव माझ्या पाटीवर तेवढं उरलं होतं. माझ्याकडे राहायला आलेले अण्णा रोज सकाळी ती पाटी स्वतः पुसायचे, आणि मला घरातली एक फरशी कधी पुसून दिली नाही.

अशात त्यांनी कुठूनसं ऐकलं, की इंटरनेटवर आता देवनागरी अक्षरांतही वेबसाइटचे पत्ते मिळणार. अजून सुरू झालेलं नव्हतं, पण नावं आधी नोंदवून ठेवता येत होती. आधी आणि ठेवता, हे दोन शब्द पुरले. आम्ही माहूरला देवीला गेलो होतो, येताना त्यांनी मला नांदेडला उतरवलंच. स्टेशनाजवळ एका मुस्लिम तरुणाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तो अशा नोंदी घ्यायचा.

त्यानं काही लपवलं नाही. "चाचा, मैं नाम लाइन में लगा देतों," तो म्हणाला. "ऐसे लाइनां और जगा भी लगे हैं. मिला तो तुम्हारा. नै मिला तो पैसे वापस. गॅरंटी नै."

मी म्हटलं, "अण्णा, ऐकलं ना? ही नोंद म्हणजे ताबा नव्हे."

"पावती देऊन राहिला न्हवं त्यो?" अण्णा म्हणाले. "मग झालं की! आन त्या एवढ्याशा गावाच्या नावासाठी कोण भांडाया येतंय?"

खरं सांगते, हे शेवटचं मलाही पटलं. ज्याला आता कंडक्टरसुद्धा विचारत नाही, ते नाव कुणाला हवं असणार?

लातूरला आल्यावर मी वर्गात असताना अण्णांनी पेंटरला गाठलं आणि पाटीवर क्लासच्या नावाखाली तो पत्ता रंगवून घेतला. पिवळ्यावर लाल, ठसठशीत. मी चिडले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं चाललंय म्हटलं. त्यांनी ओल्या रंगाला बोट लागू नये म्हणून मलाच लांब उभं केलं.

आणि प्रवेशांच्या ऐन दिवसांत एक मुलगी मोबाइल घेऊन आली. "मॅडम, पाटीवरचा पत्ता टाकला, तर क्लास नाही येत. कसला तरी नकाशा येतो."

मी नांदेडला फोन लावला. दुकानदार बिचारा माझ्या आधीच माफी मागायला लागला. पत्ते खुले झाले होते आणि आमचं नाव दुसऱ्या एजंटामार्फत भलत्यालाच मिळालं होतं. एसटीत रुमाल टाकलेल्या सीटवर सहसा कुणी बसत नाही, कारण रुमालवाला खिडकीखाली उभा दिसत असतो. इथं कुणाचा रुमाल कुणाला दिसतच नव्हता.

अण्णांना सांगितलं. आधी गाव गेलं, मग प्लॉट, आता नाव. ते ताडकन उठले. "कोण हाय त्यो? माझ्या गावाचं नाव घेनारा कोण लागून गेला? दाव मला!"

मी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर हातानं काढलेला एका गल्लीचा नकाशा होता. विहीर, पार, मारुती, आणि ओळीनं घरांचे चौकोन. काहींत माणसांची नावं, काही रिकामे. खाली लिहिलं होतं: 'भूकंप झाला तेव्हा मी रांगत होतो. मावशीनं मला मुदखेडला नेऊन वाढवलं. आमच्या गल्लीत कोण कोण राहायचं, मला सांगणारं घरात कुणी उरलं नाही. रिकाम्या जागा राखून ठेवल्या आहेत. आठवत असेल त्यांनी या नंबरवर कळवा.'

अण्णा खुर्ची ओढून बसले. त्यांचं बोट विहिरीपासून निघालं, पाराला वळसा घालून एका रिकाम्या चौकोनावर थांबलं. ते आमचं घर होतं.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले. आवाजात राग शोधून सापडला नसता.

आम्ही कोण ते कळल्यावर पलीकडचा माणूस गहिवरून काहीबाही बोलत होता, नाव परत करतो म्हणत होता. अण्णांनी त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ दी बाबा. तू लिहून घे." आणि त्यांनी आधी आईचं नाव सांगितलं. भूकंपानंतर त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. मी बाहेर आले, तोवर ते नावं सांगत शेजारच्या घरातल्या सुनांपर्यंत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी पेंटर पाटीवरचा पत्ता खोडायला आला. मीच बोलावलं होतं. त्यानं डबा उघडला, तेवढ्यात अण्णा फडकं घेऊन खाली उतरले आणि त्याचा हात धरला.

"खोडू नको," म्हणाले. "पत्ता बरोबरच हाय."