गोकर्णाच्या शेंगा आणि लिमये काकू

मंगळवारी सकाळी सहा वाजता मी शनिवार पेठेत, आमच्या बिल्डिंगच्या कुंपणावरच्या गोकर्णात शेंगा शोधत होते. एकही नव्हती... शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत काही करून दाखवलं नाही, तर माझं दोन वर्षांचं काम बंद होणार होतं.

काम काय ते सांगते. मी एका औषध कंपनीत संशोधन करते. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, मण्यांच्या माळेसारखा. त्याची टोकं सुटी राहिली की शरीर त्याला कुरतडून संपवतं. टोकाला टोक जोडून कडं केलं की तो बराच जास्त टिकतो, म्हणून औषधासाठी अशी कडी हवी असतात.

केमिकल पद्धतीने हे जमतं, पण भरमसाट सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, लागतं आणि भलतीच टोकं एकमेकांना चिकटतात. गोकर्णाच्या शेंगेतलं एक एन्झाइम हेच काम पाण्यात, झटपट करतं. हा शोध माझा नाही, जगाला माहीत आहे. आमच्या साहेबांनाच तेवढा पटत नव्हता.

त्याला कारणही झालं होतं. पहिल्या वेळी पर्चेस डिपार्टमेंटने वाळलेल्या शेंगांचं पोतं आणून ठेवलं आणि प्रयोग आपटला. चूक माझीही... फॉर्मवर मी 'ताज्या हिरव्या' असं लिहिलंच नव्हतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "झाडपाला पुरे झाला. शुक्रवारी कडं दाखवा, नाहीतर फाइल बंद." मला इतका राग आला, की मी हो म्हणून टाकलं.

नर्सरीत रोपं होती, शेंगा नव्हत्या. आणि इथे कुंपणापाशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या लिमये काकू परडी घेऊन उभ्या. वेलावरची शेवटची चार फुलं त्यांनी माझ्यादेखत खुडली.

"काकू, रोज सगळी फुलं नेलीत तर शेंगा धरणार कशा?"

"देवाला वाहते. भाजी नाही करत त्यांची."

"वेल आमचा आहे!"

"आणि देव सगळ्यांचा."

माझा तोल गेला. रस्त्यात उभं राहून मी त्यांना सगळं सुनावलं... कडं, औषध, साहेब, शुक्रवार. शेवटी रडायलाच आलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शेंगाच हव्यात ना? मग चार मजले चढ."

त्यांच्या गच्चीवर तीन ड्रममध्ये गोकर्ण माजला होता. फुलंच फुलं, आणि खाली हिरव्यागार शेंगांचे झुबके! मी बघतच राहिले. काकू निर्विकारपणे म्हणाल्या, "घरच्या वेलाची फुलं कोण तोडतं?"

खरं तर भांडायला हवं होतं. मी हसत सुटले... आणि पिशवी भरली. "कात्रीने काप, वेल ओढू नकोस," एवढीच काय ती त्यांची अट.

शेंगा बर्फात ठेवून लॅबला नेल्या. वाटणं, गाळणं, एन्झाइम वेगळं करणं यात बुधवार गेला. गुरुवारी दुपारी ते पेप्टाइडमध्ये घातलं आणि तासाभराने तपासलं. सुट्या टोकांची माळ जवळजवळ संपली होती. होतं ते कडं. मी बाथरूममध्ये जाऊन एकटीच नाचले, लाज कसली त्यात!

यातून औषध व्हायला खूप वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पुढे हे एन्झाइम यीस्टकडून बनवून घ्यावं लागेल, कारण गच्च्यांवर कंपनी चालत नाही. हे सगळं मला कळतं.

पण शुक्रवारी साहेब आलेखाकडे बघून म्हणाले, "एकदाच झालंय." तेव्हा मी म्हटलं, "सोमवारी परत करते. तुम्ही शेजारी उभे राहा."

आज सोमवार. साहेब दहाला आले, अकरापर्यंत खुर्ची ओढून बसले आणि जाताना फाइलवर सही करून गेले. काम चालू राहतंय. काकू, मनापासून थँक्यू... आणि ज्यांना अजूनही हे थांबवायचंय, त्यांनी आधी लॅबमध्ये येऊन तासभर बसावं.