अळणी आमटीचं झायडेको

गाता येईनासं झालं म्हणून निवेदनाकडे वळलेली माणसं मी पाहिली होती. आपल्यावर ती वेळ येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींचा दर वर्षी गाण्यांचा एक कार्यक्रम असतो. भाड्याचा हॉल, हौशी गायक आणि शेवटी जेवण. इथे आल्यापासून मी त्यात गात होते. मग माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या वर्षी कार्यक्रम ठरवणाऱ्या ताईंचा फोन आला. "अगं, या वेळी तू निवेदन कर. तुझे उच्चार किती स्वच्छ आहेत."

ताई मनाने चांगल्या. माझ्या आजारपणात त्यांनी घरी डबे पाठवले होते, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती. मी निवेदन केलं. मोतिया साडी नेसून प्रत्येक गाण्याआधी चांदणं, विरह, पाऊस यांच्याबद्दल चार गोड वाक्यं बोलले आणि दर वेळी बाजूला होऊन विंगेत उभी राहिले. लोक म्हणाले, काय सुंदर निवेदन! घरी येऊन साडीच्या पिना काढताना मी नवऱ्याला सांगितलं, "पुढच्या वर्षी मी गाणार. आवाज कसाही असो, गाणार."

"आवाज इतका काही वाईट नाहीये," तो म्हणाला आणि पिना डबीत भरायला लागला. त्या समजुतीचाही मला राग आला.

थायरॉइड काढताना आवाजाची नस दुखावली होती. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती आणि नंतर धीरही दिला होता, की बोलण्यापुरता आवाज उत्तम येईल. तसा तो आला. पण गायला लागले की खालच्या सुरात घोगरा, वर गेला की चिरायचा, आणि कधीकधी तोंड उघडं, गळ्यातून नुसती हवा. मी बाथरूमचा नळ सोडून रडत असे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. लहानपणापासून मला स्वतःबद्दल एकच गोष्ट खात्रीने माहीत होती, ती म्हणजे मी बरी गाते.

ऑपरेशननंतर मला आयोडीनचा एक खास डोस घ्यायचा होता आणि त्याआधी काही दिवस जेवणातलं आयोडीन बंद करायचं होतं. माझा नवरा तांजोंग पगारला एका बँकेत काम करतो. धोके हुडकायचे आणि टाळायचे, हीच त्याची नोकरी. त्याने घरातलं सगळं मीठच उचलून शेजारी देऊन टाकलं. पुढे आहारतज्ज्ञ बाई हसल्या, म्हणाल्या, फक्त बिनआयोडीनचं मीठ आणलं असतं तरी चाललं असतं. तोवर आम्ही दोघं अळणी जेवत होतो. दोघं, कारण तोही तेच जेवायचा. "तू कशाला?" म्हटलं तर म्हणायचा, "मला काही फरक पडत नाही." आणि ताट पुढे करायचा. "वाढ गं आणखी थोडी." अळणी आमटी कुणी दुसऱ्यांदा मागून घेत नाही. मला सगळं कळत होतं, तरी मी वाढत राहिले.

झायडेको मला भेटलं ते ऑफिसात. हार्बरफ्रंटला आमच्या जहाज कंपनीत माझ्या शेजारी बसणारी बाई अमेरिकेतल्या लुइझियानाची. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली फरसबी बघून ती हसली. म्हणाली, आमच्याकडे या भाजीच्या फ्रेंच नावावरून एका संगीताचं नाव पडलंय असं म्हणतात, झायडेको. तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या क्रिओल कष्टकऱ्यांचं ते नाचाचं संगीत. हलाखीच्या दिवसांत त्यांना फरसबी अळणीच खावी लागायची. आठवडाभर राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी सामान भिंतीला लावून नाचायचं. अकॉर्डियन लागतो आणि छातीवर अडकवायचा एक पन्हळी पत्रा, तो चमच्यांनी खरवडायचा.

मी म्हटलं, अळणी म्हणजे कसं ते मला ठाऊक आहे.

तिने फोनवर तिच्या मामाचं गाणं दाखवलं. म्हातारा खुर्चीत बसून गात होता. गळा खरकागदासारखा. वरच्या सुरावर आवाज टरकन फाटला, तरी समोर नाचणाऱ्यांपैकी कुणाचंही पाऊल चुकलं नाही. पुढच्या कडव्यात तो पुन्हा त्याच सुरावर गेला, पुन्हा फाटला, आणि स्वतःच हसला. माझा घास हातातच राहिला.

"मामांचा आवाज पहिल्यापासून असाच होता का?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. कुणी विचारलंच नाही कधी."

घरी जाताना पुंगोलच्या छोट्या एलआरटी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मला पहिल्या दोन ओळी सुचल्या.

भाजी अळणी, आमटी अळणी, अळणी भाताचं शीत,
तरी म्हणतो, वाढ गं आणखी, असली लबाड प्रीत.

दुसऱ्यांच्या घरचं संगीत आपण उचलावं का, हा प्रश्न मला पडला होता. दुसऱ्या दिवशी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "गाणं तुझ्या घरचंच असू दे. कुठून शिकलीस ते सांग. आणि त्यावर नाचता आलं पाहिजे, नाहीतर मी झायडेकोचं नाव घेऊ देणार नाही."

जुना अकॉर्डियन एका निवृत्त चिनी काकांकडून घेतला. पेटी मी लहानपणी शिकले होते. उजव्या हाताला पट्ट्या, डाव्या हाताला भाता, म्हणजे ओळखीचंच काम. फक्त ही पेटी गळ्यात घेऊन मिरवायची. डावीकडच्या बटणांच्या वाटेला मी गेले नाही. पन्हळी पत्रा काही मिळेना, म्हणून मोठी स्टीलची किसणी निवडली आणि ती नवऱ्याच्या गळ्यात घातली, त्याच्याच ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्याने. हातात दोन चमचे दिले. तो आयुष्यात कधी गायला नव्हता, पण ताल धरला की सोडत नसे. आमच्याकडे गाजराचा हलवा त्या वर्षी झालाच नाही.

इथल्या नव्या फ्लॅटमध्ये असते तशी आमच्याकडेही जाड काँक्रीटची, लोखंडी दाराची एक खोली आहे. बाँब पडले तर लपायला. बाँब पडत नाहीत म्हणून आम्ही तिथे तांदूळ, बॅगा आणि आकाशकंदील ठेवतो. कार्यक्रमात गायचं तर ताईंना आधी गाणं रेकॉर्ड करून पाठवावं लागतं. नवऱ्याने ठरवलं की रेकॉर्डिंग तिथेच करायचं, बाहेरचा आवाज येणार नाही. आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींवर गोधड्या टांगल्या, लॅपटॉप तांदळाच्या पोत्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं. आत भट्टी झाली होती. आधी मी एकटीने अकॉर्डियन वाजवला, मग त्याने कानाला हेडफोन लावून किसणी खरवडली, मग मी गायले. 'वाढ गं आणखी' या शब्दांवर सूर वर चढतो. तिथे आवाज चिरायचा. आम्ही पुन्हा करायचो, पुन्हा चिरायचा. शेवटी घामाने भिजून मी म्हटलं, "राहू दे. असंच पाठवू."

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, आवाज परत आला तुझा! गाणं जरा वेगळंच आहे, पण कसली सुरेल गायलीस. तुझं नाव गाणाऱ्यांत घातलं हं."

मला काही कळेना. फोन ठेवून मी नवऱ्याच्या लॅपटॉपवर त्याने ताईंना पाठवलेलं गाणं लावलं. 'आणखी'वर माझा आवाज वर गेला आणि तिथे राहिला, गुळगुळीत, ऑपरेशनच्या आधीसारखा. त्याने सॉफ्टवेअरने सूर सरळ केला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा ऐकताना मला बरं वाटलं. तीच मी, तोच गळा. दुसऱ्यांदा ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"तुझं नाव गाणाऱ्यांत यावं म्हणून केलं. आणि मलाही तुझा तो आवाज आठवतो. तुझ्या एकटीचाच गेलाय का तो?"

 तो किती महिने हे मनात घेऊन माझ्यासमोर जेवत होता कोण जाणे. पण माघार घ्यायची नाही हे माझं ठरलं होतं. मी त्याच्यासमोर ताईंना फोन लावला. "ताई, तो आवाज माझा नाही. मशिनने नीट केलेला आहे. खरा, पुन्हा गाऊन, पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवते. तोवर माझं नाव खोडून ठेवा."

ताई गोंधळल्या. "अगं, पण घातलंय ना आता."

"खोडा, ताई."

सोमवारी ऑफिसात मी आमचं गाणं, न सुधारलेलं, शेजारणीला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, पण तिचा पाय काही हलला नाही. "आवाज झकास आहे," ती म्हणाली. "पण कुणीच कुणाबरोबर वाजवत नाहीये."

त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी सकाळी आम्ही हॉलमधला सोफा भिंतीला लावला. जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या दारात ढकललं, पंखा बंद केला. खालच्या मजल्यावरच्या आजींना आदल्या दिवशीच चकल्या देऊन पूर्वसूचना दिली होती. मायक्रोफोन मध्ये ठेवून आम्ही समोरासमोर उभे राहिलो. हेडफोन नाहीत, नंतर जोडणं नाही. एकदाच वाजवायचं आणि जे होईल ते ठेवायचं, ही माझी अट. नवरा म्हणाला, "आणि चिरला तर?" मी म्हटलं, "चिरू दे. तू थांबायचं नाहीस."

त्याने चमचे किसणीवर ओढले आणि मी भाता उघडला. पहिलं कडवं बरं गेलं. आवाज चिरला, मी पुढे गेले. त्याचा पाय फरशीवर पडायला लागला होता, माझाही. बाहेरून एलआरटी गेली तीही रेकॉर्ड झाली असणार. दुसऱ्या कडव्यात मी पुन्हा त्या ओळीवर आले, 'तरी म्हणतो' म्हटलं, सूर वर नेला, आणि काहीच आलं नाही. चिरणंही नाही. नुसती हवा. मला ज्याची भीती होती तेच झालं. माझी बोटं पट्ट्यांवर चालत होती, तोंड उघडं होतं आणि सूर नव्हता.

"वाढ गं आणखी," नवरा म्हणाला.

म्हणाला, गायला नाही. त्याला सूर माहीतच नव्हता. जेवताना ताट पुढे करून जसा म्हणायचा तसाच म्हणाला, पण बरोबर तालात, आणि त्याचे चमचे थांबले नाहीत. मला रडू येत होतं आणि भाता ओढायचा होता, म्हणून मी भाता ओढला. पुढची ओळ माझ्या गळ्यातून आली, फाटकी, मोठ्याने. आम्ही गाणं पूर्ण केलं. त्याने लॅपटॉपला हात लावला नाही. मीच फाइल पाठवली.

ताईंचा फोन रात्रीच्या जेवणाआधी आला. 

"तो मध्येच बोलतो, ते स्टेजवरपण तसंच होणार का?"

"माझा आवाज गेला तर तो बोलेल. नाही गेला तर मी गाईन."

"आणि कधी जाणार, हे आधी कळत नाही?"

"नाही, ताई."

त्यांनी सुस्कारा टाकला. मागे त्यांच्या घरात कुणीतरी किसणीच्या तालात टेबलावर बोटं वाजवत होतं.

"म्हणजे मला आता निवेदनाला दुसरं कुणीतरी शोधायला हवं," ताई म्हणाल्या.

"शोधा," मी म्हटलं आणि पानं घ्यायला उठले.