शेवटी माणसाचा कान

ज्योती गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात डाळिंबं निवडत होते. माझ्या धाकट्या दिरांची लेक, अजून चाळिशीही गाठली नव्हती. बारामतीच्या दवाखान्यातून तिची आई एवढंच म्हणाली, "अक्का, गेली ओ आपली ज्योती..." हातातलं डाळिंब मी नीट क्रेटमध्ये ठेवलं. ते आठवलं की लाज वाटते. पण माझी खरी लाज त्याहून जुनी आहे.

पुण्यातली नोकरी सोडून ज्योती लासुर्ण्याला, आमच्या गावच्या घरी आली आणि माडीवर लॅपटॉप न् दोन फोन मांडून बसली. ती अख्खं ॲप करत नव्हती. पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारी, कुणाच्याही ॲपमध्ये बसवता येईल अशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करत होती. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हीवर ती सारखी चालायला हवी, म्हणून तिनं आधी कामाची रीतच बसवली. कोड बदलला की मशीन आपोआप चाचण्या घेणार, मग तो दोन्ही फोनांवर चढणार. भिंतीवरच्या कागदावर शेवटची पायरी होती : माणसाचा कान. तो कान माझा. तेव्हाची मी गावभर "आमच्या कंपनीत" असं बोलायची. पासष्टीची बाई, पण मिरवायला सोळाची.

त्या दिवशी एका डोहाळजेवणाला जायचं होतं. इरकल नेसून मी तयार, दारात जीप उभी. पहिल्या फोनचं बटण दाबलं, तो बोलला. दुसऱ्याचं दाबलं, गप्प. "तू पण बोलतोस, मला ठाऊक हाय," असं त्यालाच सांगून मी यादीत दोघांपुढं टिक केली.

"काकी, दोन्ही बोलले?" ज्योतीनं खालून विचारलं.

"बोलले की. गप्प बसंनात."

पुढच्या आठवड्यात अंध मुलींच्या शाळेत ती ते दाखवायला गेली. मी पहिल्या रांगेत. शाळेला देणगीत मिळालेले दोन्ही तऱ्हेचे फोन मुलींच्या हातात होते. निम्मे बोलले, निम्मे मुके. एका मुलीनं फोन कानाशी धरून हळूच विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं का?"

"तुझं न्हाय गं," ज्योती सगळ्यांसमोर म्हणाली. "तपासायचं माझ्याकडून राहिलं."

मी पदर सारखा करत बसले. उठले नाही.

दुसऱ्या सकाळी कागदावर नवी ओळ होती : दोन्ही फोनांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवणे. मी फुगले. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तुझ्यावर हाय, काकी. कानाला कधी कधी घाई असती."

तिला कळलं होतं... मी न कळल्यासारखं करून चहा टाकायला उठले.

पुढं ती आजारी पडली, पण दवाखान्यातूनही काम करत होती. शेवटची चाचणी पाठवण्याआधी मी रेकॉर्डचं बटण दाबून म्हटलं, "ज्योती, त्या दिवशी..." पुढं जमेना. ते पुसलं आणि नुसता फोनांचा आवाज पाठवला. तिचं उत्तर आलं, "ऐकलं. दोन्ही ठीक."

आता तिची मैत्रीण ते काम पुढं नेते, मला चाचण्या पाठवते. मी माडीचं दार लावून एकेक फोन दोन-दोनदा ऐकते. अर्धं राहिलेलं ते वाक्य मात्र पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून इथं पुरं करते. ज्योती, त्या दिवशी दुसरा फोन बोलला नव्हता... आणि ते मला ऐकू आलं होतं.