आप्पांच्या छातीचा फोटो

सर्वांत आधी कळलं ते तळपायांना. दाराबाहेर चपला काढून आत पाऊल टाकलं आणि फरशीचा गारवा पोटऱ्यांपर्यंत चढत आला. बाहेर सोलापूरचं वैशाखातलं ऊन, ज्यात डांबर मऊ पडतं आणि दुचाकीच्या सीटला हात लावायची सोय राहत नाही. आणि आत ही निळसर, अंधुक, स्पिरिटच्या मंद वासाची खोली, जिच्यात दिवस आहे की रात्र हे सांगणारं एकही चिन्ह नाही. मधोमध उभं असलेलं ते यंत्र इतकं निःशब्द होतं, की मीही नकळत हळू बोलू लागले. शाळेत वर्गावर ओरडून कमावलेला माझा आवाज त्या खोलीत कुठल्या कुठे गेला!

तुम्ही कधी खासगी सेंटरमध्ये एक्स-रे काढायला गेला आहात? गेला असाल, तर तो सगळा विधी तुम्हाला ठाऊक असेल. नाव सांगायचं, वय सांगायचं, गुळगुळीत खुर्चीत बसून समोरच्या माशांच्या टाकीकडे बघत राहायचं. मग कोणीतरी हाक मारतं. अंगातले कपडे काढून पाठीला नाड्या असलेला झगा घालायचा, गार पाटीला छाती टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. श्वास भरून घ्यायचा, क्षणभर धरायचा, आणि संपलं. सुई नाही, औषध नाही, वेदना नाही. एवढ्याशा क्षणात माणसाच्या आतला सारा मुलूख प्रकाशून जातो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, हे किती अद्भुत आहे! आदल्या संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या गॅलरीत बसून मी हे सगळं आप्पांना रंगवून सांगितलं होतं. ते ऐकत होते आणि मधूनच खोकत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सारी नोकरी होटगीजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेली, आणि निवृत्त झाल्यावरही ते होटगीतच राहिले, एकटे, हट्टाने. गाडी येण्याआधी फाटक पडलंच पाहिजे, मग पलीकडे कलेक्टरची मोटार असो वा उसाची बैलगाडी. ही एकच शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली आणि घरातल्या आम्हा सगळ्यांवर लादली. त्यांचा खोकला महिनाभर हटत नव्हता, म्हणून मी त्यांना माझ्या घरी आणलं होतं. शर्ट खांद्यावरून ओघळू लागला होता. आणि मग एका सकाळी बेसिनमध्ये मला रक्ताची तार दिसली. डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की फोटो पाहिल्याशिवाय काहीच बोलता येणार नाही, आणि आता उशीर करू नका. उशीर या शब्दानंतर मला नीट झोप लागली नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत आप्पांचे गुडघे टिकले नसते, म्हणून मी त्यांना इथे आणलं.

टेक्निशियन एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड आणि हाताने चपळ. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "आजोबा, गळ्यात साखळी, ताईत, काही दागिना?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

मीही तिथेच उभी होते आणि मलाही ते न्हाय खरंच वाटलं. मग तिने मला काचेमागे आपल्या शेजारी उभं केलं, आप्पांना श्वास धरायला सांगितला, आणि पुढच्याच क्षणी समोरच्या पडद्यावर माझ्या वडिलांची छाती उमलली.

काय सांगू तुम्हाला! ज्या छातीवर मी लहानपणी झोपले, ती मी आज आतून पाहत होते. फासळ्यांच्या कमानी एकीखाली एक उतरत गेलेल्या, दोन बाजूंना फुप्फुसांचा काळोख, आणि मधे डावीकडे कललेलं हृदय, पहाटेच्या धुक्यातून गावातलं एखादं घर दिसावं तसं अस्पष्ट. सारं कसं करडं, विरघळणारं, स्वप्नवत होतं. आणि त्या साऱ्यावर, अगदी नेमक्या जागी, अंड्याएवढा एक निखळ पांढरा आकार होता. हाडांमधूनही थोडे का होईना किरण गेले होते, पण त्या आकारातून एकही किरण पार झाला नव्हता. हीच ती गाठ, असं मला वाटलं. दुसऱ्या क्षणी मी तो ओळखला आणि मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून डोळ्यांत पाणीही आलं.

ते त्यांचं इष्टलिंग होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, आणि ज्याला पाळायचं आहे तो ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही. माझं कपाटात आहे. कॉलेजला गेल्यावर कधीतरी काढून ठेवलं, ते राहिलंच, आणि आप्पांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. त्यांचं मात्र चांदीच्या डबीत, दोऱ्याने गळ्यात, सदैव छातीवर. आंघोळीत तिथेच, झोपेत तिथेच. उन्हाळ्यात क्वार्टरसमोर बाज टाकून आम्ही झोपायचो तेव्हा मी त्यांच्या छातीवर गाल टेकवायची आणि सकाळी उठल्यावर त्या डबीची नक्षी माझ्या गालावर उमटलेली असायची. आई ती पुसायचं नाटक करायची. मालगाड्यांची धडधड, आप्पांच्या हृदयाची धडधड आणि कानाशी ती छोटीशी डबी, यांतलं काय कुठे संपतं ते मला झोपेत कळायचं नाही. इतक्या जवळची वस्तू डोळ्यांना वेगळी अशी दिसतच नाही. म्हणून तर त्या मुलीच्या प्रश्नाला मीही गप्प राहिले.

ती मुलगी आत गेली. "आजोबा, गळ्यात काहीतरी आहे की."

"तू दागिना इचारलीस. ह्यो काय दागिना हाय व्हय?"

तिने सांगितलं, की डॉक्टरांना जे बघायचं तेच त्याच्यामागे झाकलं जातंय. मिनिटभरासाठी काढावं लागेल. "बेड," आप्पा म्हणाले. अगदी ठाम नकार द्यायचा असला की त्यांच्या तोंडून कानडीच निघते. मग माझ्याकडे वळून, "चल अक्का. होटगीला जाऊ. खोकला काय, जातंय आपोआप." आणि ते झग्याच्या नाड्या शोधू लागले.

मला ठाऊक होतं, आज हा माणूस या खोलीतून बाहेर पडला की पुन्हा कुठल्याच खोलीत यायचा नाही. फाटक पडलं ते पडलं. मला त्यांचा भयंकर राग आला, त्या डबीचाही आला. वाद घालायला माझ्याकडे पुष्कळ मुद्दे होते, मी ते घरी शंभरदा मांडलेही असते. पण त्या थंड खोलीत माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आप्पा, रक्त पडतंय तुमचं. मला लई भीती वाटतीय."

ते थांबले. नाड्यांवरचा हात खाली आला. मग टेक्निशियनला म्हणाले, "हातात धरलं तर चालंल का?"

तिचा चेहरा उजळला. "चालतंय की! हात कमरेवर असतो, फोटोत येतच नाही."

रोज सकाळी पूजेला बसल्यावर ते इष्टलिंग डाव्या तळहातावरच घेतात. तेव्हा हातात धरणं त्यांना परकं नव्हतं. मी त्यांच्या मानेमागची गाठ सोडवू लागले. कितीतरी वर्षांच्या घामाने ती कडक झाली होती, आणि सुटता सुटता दोराच तुटला. आप्पांनी डबी मुठीत घेतली, पाटीला छाती टेकवली, मूठ कमरेवर, नाभीच्या जरा वरच, टेकवली. आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. सारं अंग हललं, अलीकडे थरथरू लागलेली त्यांची बोटं उघडली, आणि डबी निसटली! त्यांनी ती कशीबशी पोटाशी कोपराने दाबून धरली. इष्टलिंग जमिनीवर पडणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगू शकणार नाही; आमच्या घरात त्याचा उच्चारही करत नसत. आप्पांच्या कपाळावर, त्या गारव्यात, घाम आला होता.

रुमालात घालून डोक्याला बांधू, मी म्हटलं. पण उबळ आली की रुमाल तरी कुठला टिकतो. कमरेला खोचता येत नाही, कारण ते नाभीखाली नेत नाहीत. ती टेक्निशियन हळूच म्हणाली, "घाई नाही, आजोबा. मी बाहेर थांबते," आणि खरोखरच दार ओढून घेऊन गेली. एसीची बारीक घुरघुर तेवढी ऐकू येत होती. आपल्या आयुष्याचं मर्म माणूस कुठे ठेवतो? आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आलीच, तर तो कोणाला निवडतो? आप्पांनी आईलासुद्धा कधी त्या डबीला हात लावू दिला नव्हता. ती गेली त्या दिवशीही नाही.

"हात कर," ते म्हणाले.

मी उजवा हात पुढे केला.

"डावा."

त्यांनी माझा तळहात आपल्या छातीच्या उंचीला धरला, डबी त्यावर ठेवली, माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली, आणि पाटीकडे वळले. मी त्या मुलीला हाक मारली आणि काचेमागे तिच्याशेजारी येऊन उभी राहिले. त्या मुठीत माझ्या वडिलांच्या अंगाची ऊब होती. मला पूजा येत नाही, मंत्र येत नाहीत, विश्वासाचं तर विचारूच नका. पण त्या घटकेला जगातली कोणतीही गोष्ट माझी ती मूठ उघडू शकली नसती. पडद्यावर छाती पुन्हा उमलली, या वेळी मोकळी. जिथे पांढरा आकार होता तिथे आता हृदयाशेजारी एक पुसट ढगाळ डाग दिसत होता.

तिथल्या डॉक्टरांनी तो डाग मोठा करून, लहान करून, पुन्हा मोठा करून पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, की संसर्ग दिसतोय. वाईट म्हणावं असं यात काही दिसत नाही, थुंकी तपासून घ्या, औषधं नेमाने घ्या, बरे होतील. पहिल्या फोटोतल्या पांढऱ्या आकारावर बोट ठेवून, याच्यामागे लपला होता बघा, असंही म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. मग बाहेर येऊन माशांच्या टाकीसमोर, चारचौघांत, रडले. एका हाताने डोळे पुसताना चष्मा खाली पडला, तो त्या मुलीने उचलून दिला.

आप्पांनी शर्ट घातला, पाणी घेतलं, फोटोच्या मोठ्या पाकिटाकडे संशयाने पाहिलं. बाहेरच्या झळा अंगावर आल्या. रिक्षात बसल्यावर मी मूठ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला; तो थरथरत होता. त्या हाताकडे पाहून त्यांनी तो आपल्या मांडीवर ठेवून दिला.

"नवा दोरा मिळंपर्यंत तूच धर," ते म्हणाले.

रिक्षा सुटली, पहिल्याच खड्ड्यात आदळली, आणि आप्पा पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "जरा हळू घे रं बाबा. लेकीच्या हातात देव हाय माझा."