शेजारणीचा लाडू

नगरच्या कॉलेजात मराठीच्या तासाला सरांनी घरी ऐकलेली एक गोष्ट सांगायला लावली. मी आईकडून ऐकलेली सांगितली. बाप गावाला गेल्यावर शेजारीण पोरीला विषाचा लाडू देते, आणि घरची गाय तो आधी खाऊन पोरीला वाचवते.

वर्ग हसला. "शेजारीण कुठली? ती सावत्र आई असते," मागची एक मुलगी म्हणाली. "सांगणारीनं तुझ्यापासून काहीतरी लपवलंय."

मला हसू आलं नाही. सांगणारी माझी सावत्र आईच होती. सख्खी मला आठवतही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात कळतं ते खरं, असं मला तेव्हा चटकन वाटायचं. शनिवारी एस.टी.नं घोडेगावला उतरून घरी चालत निघाले, तरी मनात तेच. आईनं अजून काय काय झाकलं असेल?

दुष्काळाचं साल. आई आणि शेजारची काकी सरकारी कामावर खडी फोडून नुकत्याच आल्या होत्या. काकी आमच्याच उंबऱ्यावर टेकलेली. तिच्यादेखत विचारायचं नव्हतं, पण पुन्हा धीर झाला नसता.

"आई, लाडवाच्या गोष्टीत शेजारीन न्हवती ना? सावतर आई हुती."

भाकरी थापणारा हात थांबला.

"व्हय. मी नवी आले तवा तू माझ्या हातचं खायची न्हाईस. कुनीतरी ती गोष्ट तुझ्या डोक्यात भरली हुती. मग मीच फिरवून सांगाय लागले. कवातरी घास घेतलास." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आता शिकलीस. काय म्हनायचं ते म्हन."

तेवढ्यात काकी उसळली.

"थांब गं बया! म्हंजी विखाची बाई मी व्हय? तरीच ही कार्टी दिवाळीला माझा लाडू टाकून पळायची! मला वाटायचं, माझ्याच हाताला चव न्हाई!"

आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मीही हसले, किती दिवसांनी, कोण जाणे.

काकीनं कामावर खायला मिळालेली गोड सुकडी पदरातून काढली, मुठीत दाबून लाडू वळला आणि माझ्यापुढे धरला.

"गाय चारा छावनीवर हाय. आधी चाखाय कुनी न्हाई. खा."

मी अर्धा खाल्ला. उरलेला आईपुढे धरला. तिचे हात पिठानं भरले होते. तिनं नुसतं तोंड उघडलं.